सुवालालजींचा पक्का अंदाज

सुवालालजींनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलंच नाही. माझ्या पायांकडं बघितलं. बदली होऊन आष्टीच्या शाळेत मी हजर झालो, तो पहिला दिवस. ऑफिसच्या दारात उभा राहून मी हेडमास्तरांची वाट बघत होतो. समोरून साठीचे एक गृहस्थ आले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, खिशात चष्म्याची दोन घरं, आणि हातात कापड मोजायचा जुना लोखंडी गज. ते माझ्यासमोर थांबले आणि म्हणाले, "गुरुजी, जरा बाजूला सरका."

मी सरकलो. ते उकिडवे बसले, खिशातल्या रुमालानं पायरी पुसली आणि मान वर न करता म्हणाले, "कमळावर उभे होते तुम्ही."

खरंच कमळ होतं. उलटं बसवलेलं आणि निम्मं झिजलेलं. शाळा बांधताना कुणीतरी पडक्या देवळाचा दगड उचलून पायरीला लावला होता, आणि त्यानंतर आष्टीची सगळी पोरं त्या कमळावर चपला झाडून शिकली होती. सुवालालजींनी मग माझं नाव, गाव, विषय विचारला. विषय विज्ञान म्हटल्यावर त्यांचा चेहरा जरा उतरला. पण लगेच म्हणाले, "चालतंय. अक्षर कसं हाय तुमचं?" अक्षर बरं आहे म्हणालो. त्या एका उत्तरानं पुढची सहा वर्षं माझे रविवार गेले.

त्यांचं बाजारपेठेत कापडाचं दुकान होतं. पणजोबा राजस्थानातून आलेले. घरात मारवाडी, गल्ल्यावर हिंदी आणि बाकी सगळीकडं अस्सल आष्टीची मराठी. शनिवारपर्यंत ते चोख दुकानदार असत. रविवारी दुकान मुलाच्या हवाली करून ते जुन्या जीपमध्ये बसत. शेजारी मी, मांडीवर वही. मागं गज, पाण्याचा कॅन, दगड घासायचा नारळाचा काथ्या आणि त्यांच्या पत्नीनं, म्हणजे भाभींनी, दिलेला डबा. मग घनसावंगीपासून गोदाकाठापर्यंत कुठंही बारव, गढी, पडकं देऊळ, शेताच्या बांधावर आडवा पडलेला खांब असं काही असलं, की तिथं आम्ही. जांब समर्थला चाललेली माणसं वाटेत भेटली की हात करत. त्यांना वाटे आम्हीही दर्शनालाच निघालोय. सुवालालजी हात जोडत आणि जीप भलत्याच गाडीवाटेला घालत.

मोजमाप सगळं त्या गजानं. आणि सांगायचं ते कापडात. माझ्या वहीत अजून नोंदी आहेत : 'खांबाचा घेर, एक ब्लाउजपीस आणि वर चार बोटं.' 'बारवेची पूर्वेकडची भिंत, दोन नऊवारी आणि एक टॉवेल.' मी एकदा भीत भीत म्हणालो, की पुढं कुणी अभ्यासकानं हे वाचलं तर त्याला मीटरमध्ये लागेल. तर म्हणाले, "मंग त्यानं दुकानात यावं. मोजून देऊ."

धर्मानं ते जैन, आणि पक्के. सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचं, हा नियम. त्यामुळं ऐन शोधाच्या भरात, एखाद्या गढीच्या तळघराचं तोंड नुकतंच सापडलेलं असताना, साडेपाच वाजले की ते कपडे झटकून उभे राहत आणि डबा उघडत. मेथीच्या पुऱ्या आणि कैर या राजस्थानी रानफळाचं लोणचं. तळघर चारशे वर्षं थांबलंय, आणखी आठ दिवस थांबंल, असं म्हणत. मुंग्यांची रांग आडवी आली तर आम्ही अख्ख्या देवळाला वळसा घालून मागच्या बाजूनं शिरायचो. एका बारवेत तिसऱ्या पायरीवर साप पहुडलेला होता. काठी घ्यायला एक शेतकरी धावला, तर सुवालालजींनी त्याला हाताला धरून बसवलं. आम्ही तिघं दोन तास वर बसून राहिलो. साप कंटाळून गेला तेव्हा साडेपाच झाले होते. आम्ही पुऱ्या खाऊन परत आलो. वहीत त्या दिवशीची नोंद : 'बारव पाहिली. सापानंही पाहिली.'

त्यांच्या बोलण्यात एक शब्द फार यायचा, तो म्हणजे पक्का अंदाज. साधा अंदाज इतर लोक करतात. सुवालालजींचा पक्का असायचा. एका शेतात दगडाचं मोठं गोल चाक अर्धं मातीत रुतलेलं दिसलं. त्यांनी गज लावला, डोळे मिटले आणि सांगितलं की हे राजवाड्याच्या दरवाज्याचं जोतं आहे, पक्का अंदाज. शेताचा मालक बांधावरून म्हणाला, "शेठ, ते चुन्याच्या घाणीचं चाक हाय. माझा आजा बैल जुंपायचा त्याला."

सुवालालजींनी क्षणभर विचार केला. "मंग राजवाड्याला चुना लागला असंल का न्हाई?"

वहीत राजवाडा तसाच राहिला.

त्यांच्या या नादाला लोक हसायचे, पण प्रेमानं. एकदाच एकानं चहाच्या हॉटेलात जरा टोचून विचारलं होतं, की शेठ, तुमचे वाडवडील तिकडचे, आमच्या दगडांचं तुम्हाला काय पडलंय? सुवालालजींनी बशीतला चहा संपवला आणि शांतपणे म्हणाले, "बराबर हाय. तुम्ही घरचे, म्हणून तुम्हाला दिसत न्हाई. पाहुणा घर न्याहाळून पाहतो. आमचा मुक्काम जरा लांबला, इतकंच." विचारणाऱ्यानंच मग दुसरा चहा सांगितला.

गिरजाबाईच्या दगडाची गोष्ट सांगितल्याशिवाय मात्र सुवालालजी पुरते कळायचे नाहीत. एका वस्तीवर विहिरीशेजारी गिरजाबाई नावाची म्हातारी एका उभट दगडावर धुणं धूत होती. दगडाची कड कोरलेली होती. जीप पुरती थांबायच्या आत सुवालालजी उतरले. हा वीरगळ आहे, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराची आठवण म्हणून उभा केलेला दगड, कोरलेली बाजू खाली गेलीय, असं त्यांनी तिला समजावलं. म्हातारीनं धुणं न थांबवता ऐकून घेतलं. दगड सासूच्या सासूपासूनचा आहे, हलायचा नाही, असं तिचं म्हणणं पडलं.

पुढच्या रविवारी सुवालालजी गुळगुळीत शहाबादी फरशी घेऊन गेले. बदल्यात हा दगड फक्त उलटा करू द्या, म्हणाले. गिरजाबाईनं फरशी आठ दिवस वापरून बघायला ठेवून घेतली आणि आठव्या दिवशी नापास केली, फेस येत नाही म्हणून. मग त्यांनी खडबडीत फरशी नेली. ती लुगडी फाडते म्हणाली. तिसरी फरशी तिला पसंत पडली. चार गड्यांनी पहार लावून दगड उलटा केला. खाली एक वीर होता, ढाल-तलवार घेतलेला, आणि त्याच्यामागं गाईंचा कळप. गाई सोडवताना पडलेला कुणीतरी. चिखल धुतल्यावर त्याच्या मिशासुद्धा दिसल्या.

गिरजाबाई बराच वेळ बघत राहिली. "माय, ह्याच्या पाठीवर मी पन्नास वर्षं धुणं आपटलं," एवढंच म्हणाली.

पुढच्या रविवारी आम्ही गेलो तर वीराला शेंदूर लागलेला, समोर उदबत्ती, आणि डोक्यावर पत्र्याची सावली. सुवालालजी गज घेऊन पुढं झाले तशी म्हातारीनं त्यांना अडवलं. चपला काढा, आधी नारळ फोडा, देवाला लोखंड लावायचं नाही. त्या वीराची उंची वहीत अजूनही कोरी आहे. परतताना सुवालालजी कितीतरी वेळ पुटपुटत होते, की शोध लावला मी आणि पुजारी झाली ती. पण पुढं दर दसऱ्याला त्या वस्तीवर त्यांच्याकडून एक नारळ जायचा, हे मला माहीत आहे.

आता करंजवाडीच्या बारवेची गोष्ट. ही त्यांची लाडकी बारव. चौकोनी, तीन बाजूंनी पायऱ्या, आणि काठावर एक प्रचंड कडुनिंब पाण्यावर ओणवा झालेला. खालच्या टप्प्यावर कोनाड्यात एक शिलालेख होता. शेवाळानं भरलेला, पण अक्षरं होती. सुवालालजींचा पक्का अंदाज असा, की यादवांच्या वेळची कुणी राणी माहेरी चालली होती, तिला इथं तहान लागली आणि तिनं बारव बांधवली. बारा वर्षं ते हे सांगत आले होते. सांगता सांगता राणीला मेणा आला, मेण्याला भोई आले, शेवटी तर तिच्या कडेवर लहान राजपुत्र आला. मी म्हणायचो, लेख एकदा जाणकाराकडून वाचून घेऊ. त्यावर ते म्हणायचे, "पत्र कुणी लिवलं ते कळलंय ना, मजकूर मागाहून बघू."

मजकूर बघायची वेळ आलीच. बारवेत एकामागून एक दोन शेळ्या पडल्या. गावानं ठरवलं की बारव बुजवायची आणि तिथं सभामंडप बांधायचा. सुवालालजी ग्रामसभेत उभे राहिले आणि राणी, मेणा, राजपुत्र सगळं सांगितलं. सरपंच सुनीताताई ही समजूतदार बाई. तिनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "हे दगडावर लिहिलंय का तुम्ही सांगून राह्यले?"

"दगडावर. दगड खोटं बोलत न्हाई, ताई."

"मंग वाचून दाखवा. तसं असंल तर बुजवत न्हाई."

एक महिन्याची मुदत मिळाली. मी जालन्याच्या एका कॉलेजातल्या इतिहासाच्या मॅडमना विनंती केली. त्या आल्या त्या दिवशी अर्धी करंजवाडी पायऱ्यांवर बसली होती. सुवालालजींनी नवा शर्ट घातला होता. मॅडमनी काथ्यानं शेवाळ काढलं, दगडावर बारीक पीठ चोळलं, अक्षरं पांढरी उमटली. त्यांनी बराच वेळ बघितलं. मग जरा संकोचून म्हणाल्या, "काका, हे यादवांच्या काळातलं नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं असेल. ही मुडिया लिपी आहे, मारवाडी व्यापारी वापरायचे ती. मला वाचता येत नाही." आणि अगदी साधेपणानं विचारलं, "तुमच्या घरात येत असेल ना कुणाला?"

पायऱ्यांवर हशा उसळला. सरपंचबाईंचे मालक म्हणाले, की शेठ, तुमच्याच घरचं पत्र तुम्हाला वाचता येईना. सुवालालजीही हसले, पण ते हसणं शर्टासारखंच नवं आणि आखडलेलं होतं. परतीच्या वाटेवर साडेपाच वाजून गेले तरी डबा उघडला नाही. सहा वर्षांत असं एकदाच झालं.

घरी त्यांच्या आई, माँजी, अंगणात मेथी निवडत होत्या. वय पंच्याऐंशीच्या पुढं, कान पक्के, जीभ त्याहून पक्की. मुलाच्या नादाला त्या 'भाटे' म्हणायच्या. भाटे म्हणजे मारवाडीत दगड. सुवालालजींनी मोबाइल त्यांच्यापुढं धरला. लेखाचा फोटो होता. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला.

"आडवा कामून धरलास? हां. पाणी," त्या म्हणाल्या. "खालच्या ओळीचा पहिला शब्द पाणी."

सुवालालजी मेथीच्या ढिगावरच बसले. "तुम्हाला येतं हे?"

एरवी त्या मुलाशी मारवाडीत बोलत. त्या दिवशी मला साक्षीला धरून मराठीत बोलल्या. त्यांच्या वडिलांना मुलगा नव्हता, म्हणून दुकानातली लिखापढी त्यांनी मुलीला शिकवली होती. लग्नानंतर कुणाला गरज पडली नाही आणि कुणी विचारलंही नाही. मग मुलाकडं वळून म्हणाल्या, "बारा वर्षं झाली. अख्ख्या तालुक्याला भाटे दाखवत फिरलास. मला एक दिवस जीपमधी बसवलं का?"

"तुमचे गुडघे दुखतात," सुवालालजी म्हणाले.

"डोळ्याला गुडघे असतात का?"

मोबाइल त्यांनी परत केला आणि पुन्हा मेथी ओढली. पुढचा मजकूर सांगायला त्या काही केल्या तयार होईनात. तिथं नेलं तर तिथं वाचीन, म्हणाल्या.

त्यानंतरच्या रविवारी माँजी जीपमध्ये पुढं बसल्या. सुवालालजी पहिल्यांदाच मागं, माझ्या आणि गजाच्या मधे; जीप चालवायला त्यांचा मुलगा. करंजवाडीत त्यांना खुर्चीसकट उचलून चौघांनी पायऱ्या उतरवल्या. प्रत्येक पायरीला त्या सांगत होत्या, हळू, मी काही भाटा नव्हे. गाव पुन्हा जमलं होतं. या वेळी जरा जास्तच, कारण पहिल्या वेळची मजा सगळीकडं पसरली होती.

माँजींनी चष्मा पुसला आणि बोट फिरवत वाचलं. आधी मारवाडीत, मग मराठीत. बारव बांधली कुणी ते आम्हास ठाऊक नाही. जुनी आहे. ढासळली होती. गाळ काढून पायऱ्या बसवल्या. सरपंचबाईंनी विचारलं, कुणी बसवल्या? माँजींनी दगड वरपासून खालपर्यंत पुन्हा बघितला. नाव नाही, म्हणाल्या. गावाला हे पटेना. खर्च करून नाव न टाकणारा माणूस कुणाच्या पाहण्यात नव्हता.

शेवटची ओळ उरली होती. 'पाणी पीवे सो एक लोटो नाम ने देवे.' म्हणजे पाणी पिणाऱ्यानं एक तांब्या देवाच्या नावानं द्यावा, असा माँजींनी अर्थ सांगितला. चांगला अर्थ होता. लोकांनी माना डोलावल्या, आणि सभामंडपाचं काय ते विचारायला सरपंचबाईंचे मालक घसा खाकरू लागले.

तेवढ्यात वरच्या पायरीवरून दगडूबाबा उठले. गावातले सगळ्यात म्हातारे शेतकरी. आतापर्यंत ते गप्प बसून ऐकत होते. त्यांनी विचारलं, "शेठाणीबाई, ते नाम असंच लिवलंय का?"

माँजी म्हणाल्या, "न आणि म. आमच्या लिपीत काना-मात्रा न्हाईत. अंदाजानं वाचायचं."

"मंग ते नाम न्हाई," दगडूबाबा म्हणाले. "नीम असंल. निंब."

सगळ्यांनी वर बघितलं. दगडूबाबा अडखळत सांगत होते, की त्यांचा आजा इथं पाणी भरायला आला की पहिला पोहरा त्या निंबाच्या बुडात ओतायचा. स्वतः तहानलेला असला तरी. लहानपणी त्यांनी विचारलं होतं कामून म्हणून, तर आजा म्हणाला होता, रीत हाय. कुणाची रीत, कशाची, ते त्यालाही माहीत नव्हतं. नळ आल्यावर रीत संपली.

माँजी झाडाकडं बघत राहिल्या. मग बोट पुन्हा दगडावर ठेवून सावकाश वाचलं, "एक लोटो नीम ने देवे." आणि मान हलवली. "बराबर. माझंच चुकलं. पाणी पिणाऱ्यानं एक तांब्या निंबाला घालावा."

एका पिढीनं लिहून ठेवलं होतं, दुसरीनं न वाचता पाळलं होतं, आणि त्या दोघींमधलं झाड आमच्या डोक्यावर सावली धरून उभं होतं. थोड्या वेळानं सुनीताताई उठल्या. म्हणाल्या, "बुजवायची न्हाई. शेळ्यांसाठी जाळी बसवू. बसायला हा निंब हायच."

मला वाटलं सुवालालजी आता भाषण करतील. त्यांनी केलं नाही. खाली उतरून त्यांनी तांब्याभर पाणी घेतलं, वर चढून निंबाच्या बुडात घातलं, आणि लाजल्यासारखे बाजूला झाले. त्यांच्यामागं दगडूबाबा, मग सुनीताताई, मग रांगच लागली.

परतताना जीपमध्ये सुवालालजी म्हणाले, "गुरुजी, वहीतली राणी खोडा."

मी पेन काढलं. थोडं अंतर गेलं, तसं ते पुन्हा म्हणाले, "खोडू नका. राणी आली असंल. बांधली कुणी ते लिवणाऱ्यालाबी ठाऊक न्हवतं ना? फक्त पत्र तिनं लिवलं न्हाई."

"पक्का अंदाज?" मी विचारलं.

पुढून माँजींनी मान वळवली. सुवालालजी म्हणाले, "साधा."

त्याच वर्षी माझी जालन्याला बदली झाली. सामान टेंपोत चढवून मी निरोप घ्यायला त्यांच्या घरी गेलो. दुपारची वेळ होती. ओसरीवर माँजी खुर्चीत बसल्या होत्या आणि त्यांच्या पायाशी, जमिनीवर मांडी घालून, सुवालालजी. मांडीवर दगडी पाटी. सहासष्ट वर्षांचा माणूस जीभ दातात धरून मुडिया अक्षरं गिरवत होता. दोन्ही चष्मे एकदम लावलेले, एक डोळ्यांवर आणि एक कपाळावर.

मी म्हणालो, निघतो. त्यांनी पाटीवरून नजर न काढता डावा हात वर केला, थांबा अशा अर्थानं. "एवढी ओळ होऊ द्या, गुरुजी."

मी थांबलो. ओळ काही होईना. बाहेर टेंपोवाला हॉर्न वाजवू लागला. मी माँजींना नमस्कार केला, त्यांनी हात वर करून आशीर्वाद दिला आणि तोच हात खाली आणून पाटीवर टकटक केलं. सुवालालजींनी मान वर केलीच नाही.

मी फाटकाशी पोचलो तेव्हा आतून आवाज आला, "चुकलं. पूस. परत काढ."